आंबट समुद्र आणि कुमुदचा महाल

एका राज्यात एक राजा होता, नाव धवलसेन. त्याची लेक कुमुद म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिचा पहिला दुधाचा दात दिसला तसा राजा हरखून म्हणाला, "ह्याच रंगाचा महाल बांधीन माझ्या लेकीला!" आता बापमंडळींचं काय, भरात येऊन बोलतात नि विसरतात. पण हा पडला राजा. त्याला विसरू कोण देणार?

दातासारखा शुभ्र चुना होतो तो शिंपल्यांचा. तेव्हा किनाऱ्यावर भट्ट्या पेटल्या. कोळीवाड्याची रीत अशी, की शिंपल्यातल्या तिसऱ्या खाव्या, कवचं समुद्राला परत द्यावी आणि "तुझं तुला" म्हणून हात जोडावे. राजाच्या माणसांनी ती कवचं गाड्या भरभरून भट्टीत लोटली. कैक वर्षं धूर निघाला, तो सगळा बिचाऱ्या समुद्राला प्यावा लागला. महाल उभा राहिला, बघणाऱ्याचे डोळे दिपावेत असा. भट्ट्या मात्र पेटत्याच राहिल्या, आणि समुद्र आंबला.

तिसऱ्यांची कवचं कांद्याच्या पापुद्र्याएवढी झाली. कालवांच्या पिल्लांना कवचाचं घर बांधता येईना. त्यांच्यावर जगणारी मासळी दूर निघून गेली, तिच्यामागे कुरव पक्षी गेले आणि कोळीवाड्यातल्या चुली गार पडल्या.

कुमुदची आई बाळंतपणातच गेली होती. कुमुदला अंगावर पाजून वाढवलं ते थाकू कोळणीने. तीच थाकू एके सकाळी गाठोडं घेऊन महालाच्या पायरीशी आली.

"पुनवेच्या भरतीला आमची होडी सुटंल, बाय. मासळी जाईल तिकडं आम्ही."

"आणि मी गं, थाकूआई?"

थाकूने तिच्या गालावरून हात फिरवला.

कुमुद तडक समुद्राकडे निघाली. वाटेत मागे राहिलेला एक कुरव म्हणाला, "राजकन्ये, माझ्यामागून ये." त्याने तिला कड्यातल्या गुहेशी नेलं. आत काळनाथ मांत्रिक जाळं विणत बसला होता.

"समुद्र आंबला, हा शाप तुम्ही दिलात?" कुमुदने विचारलं.

"समुद्राने दिला. उतारा मी सांगतो. भट्टीतल्या आगीला निजव. शिंपल्यांच्या राणीला घर दे. समुद्राचं समुद्राला दे."

कुमुद भट्टीपाशी गेली. आग वसकन अंगावर आली. पण कुमुदने थाकूने गायलेलं अंगाईगीत म्हटलं, तेव्हा आगीने जांभई दिली, राखेत तोंड खुपसलं आणि घोरू लागली. पहिलं काम झालं.

शिंपल्यांची राणी ओहोटीच्या डबक्यात उघडीच पडली होती, कवच पार विरघळलेलं. कुमुदने तिला घंगाळात घालून महालात आणलं. चांदीची डबी दिली. राणी म्हणाली, "टोचते." चंदनाची पेटी दिली. "वास येतो." आता काय द्यावं? कुमुदने भिंतीवरचा चुन्याचा पोपडा काढून पाण्यात ठेवला. राणी त्याला बिलगली, आणि बघता बघता तिच्या अंगावर कवच धरलं.

"ही माझ्या आज्यांची घरं," राणी म्हणाली.

तिसरं काम काय ते आता कुमुदला कळलं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. महाल मोडण्याचं तिला दुःख नव्हतं हो. बापाचं मन मोडायचं होतं.

ती राजाकडे गेली. "महाराज, महाल समुद्राला द्या."

"तुझ्यासाठी बांधला, पोरी. आयुष्य घातलं त्यात."

"ठाऊक आहे, बाबा. पण मला थाकूआई हवी. तिच्या हातचं कालवण हवं."

राजाने भिंतीला हात लावला. मग डोळे पुसले, कुदळ मागवली आणि पहिला घाव स्वतः घातला. कोळीवाडा टोपल्या घेऊन धावला. पुनवेपर्यंत भिंती भरडून चुरा समुद्रात पडत होता. पहिली टोपली टाकताना राजाला कोळीवाड्याच्या रीतीचे शब्द ठाऊक नव्हते, तेव्हा ते थाकूने सांगितले.

समुद्र काही एका भरतीत निवळला नाही. इतक्या वर्षांचं आंबणं ते. पण कुरव परतले आणि थाकूने गाठोडं सोडलं. "बघू थोडं थांबून," ती म्हणाली. पुढल्या थंडीत तिने वाळूतून एक तिसरी उचलली, नखाने वाजवून पाहिली. टक्! थाकू मोठ्याने हसली, हसता हसता रडली.

त्या दुपारी राजा, थाकू आणि कुमुद राजाच्या नव्या कौलारू घराच्या ओट्यावर तिसऱ्यांचं कालवण जेवायला बसले. राजाने वाटी चाटूनपुसून खाल्ली, दोनदा मागून घेतलं. सेवक ताट उचलायला वाकला.

"राहू दे," राजा म्हणाला. उष्टी कवचं ओंजळीत घेऊन तो गुडघाभर पाण्यात गेला, ती सोडली आणि हात जोडले.

"तुझं तुला."