शेवाळातल्या किड्याचं बारसं

विहिरीच्या कठड्यावर शेवाळाचं रान होतं, तेव्हाची गोष्ट. तिथले म्हातारे, विद्वान भुंगेशास्त्री नव्या जीवांना नावं देत. एकदा टाचणीच्या टोकाएवढा किडा आला.

"शास्त्रीबुवा, मला नावं सगळेच ठेवतात, नाव कुणी ठेवत नाही."

शास्त्रीबुवांनी त्याचे आठ पाय तीनदा मोजले, तरी खात्री वाटेना. "जात नवी दिसते. पण नियमाप्रमाणे नमुना आधी वाळवायचा, मगच नाव लिहायचं."

"म्हणजे मी मरायचं?"

"ग्रंथात तसंच आहे, बाबा."

"मग हाक मारल्यावर ओ कोण देणार?"

शास्त्रीबुवांनी सगळे ग्रंथ चाळले. उत्तर सापडेना. शेवटी ग्रंथ मिटून त्यांनी चाचरत हाक मारली, "मखमल्या?"

"ओ!"

शास्त्रीबुवा दचकले. त्यांनी दिलेल्या नावाला आजवर कुणी ओ दिली नव्हती.