बारावर थांबलेली भिवरा

"होडी परत हवी ना? मग माझ्याशी पत्त्यांचा एकवीसचा डाव खेळ," भानुजी महाराज म्हणाले. "पण नशिबाने जिंकलेलं चालणार नाही. पान उलटण्याआधी सांगायचं, 'हा डाव माझा.' एकदाच, तुला वाटेल त्या डावाला. खरं ठरलं तर होडी ने. खोटं ठरलं तर जन्मभर वाड्यावर भांडी घास."

दरबारी हसले. न उलटलेलं पान कुणाला कळतं? पण खाडीवरची होडीवाली भिवरा शांतपणे म्हणाली, "चार दिवसांनी येते."

होडी तिच्या नवऱ्याने, धाकूने, याच खेळात घालवली होती. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेला तो मेला. राजा, राणी, गुलाम दहाचे. महाराज मात्र सतरा होईपर्यंत पान घेतच राहायचे. मध्येच थांबणं त्यांना भित्रेपणाचं वाटायचं.

"माझं काय चुकलं? ताईत होता, डावा पाय पुढे ठेवून बसलो होतो," धाकू घरी कुरकुरला.

"खेळून झालेली पानं कुठे ठेवतात?"

"बाजूला, उताणी. गड्डी संपेस्तोवर परत येत नाहीत."

"आणि तुम्ही काय बघत होता?"

"ताईत घट्ट धरून डोळे मिटले होते."

"वा. होडीही अशीच वल्हवता का?"

तिने जुनी गड्डी आणून धाकूला वाटायला बसवलं. लहान पान गेलं की एक बोट उघडायचं, चित्र किंवा दश्शी गेली की एक मिटायचं. बोटं जितकी उघडी, तितकी उरलेल्या गड्डीत मोठी पानं जास्त. आधी ती सारखी चुकायची, भाकरी करपायची, धाकू जांभया द्यायचा. मग बोटांची गरज उरली नाही. गड्डी संपत आली की खाली काय राहिलंय ते ती नावानिशी सांगू लागली.

ठरल्या दिवशी ती वाड्यावर गेली. सरदार ज्योतिषाने सांगितलेल्या दिशेला तोंड करून बसले होते. त्यांच्यातल्या एकाने तर पानांना अत्तर लावलं होतं. भिवराने त्यांच्याकडे पाहून नाक मुरडलं आणि एकेक कवडी लावून खेळू लागली. हरली, जिंकली, पुन्हा हरली. डोळे मात्र उताण्या पानांवर.

"ही तर नुसत्या कवड्यांवर वेळ काढतेय," दिवाण गणोजीपंत कुजबुजले.

गड्डी तळाला आली. भिवराला दश्शी आणि दुर्री मिळाली. बारा. महाराजांचं एक पान उघडं होतं, पंजी. दुसरं पालथं.

"पान हवं?" महाराजांनी विचारलं.

"नको. हा डाव माझा."

हशा पिकला. "बारावर थांबली! बाई, बेरीज तरी येते का?" गणोजीपंतांनी विचारलं.

"आपल्याहून बरी येते," भिवरा म्हणाली. "महाराजांचं पालथं पान चित्राचं आहे. पंधरा झाले, म्हणजे महाराज पान घेणार. तेही चित्रच. गड्डीत दुसरं काही उरलेलंच नाही."

महाराजांनी पालथं पान उलटलं. राणी. गड्डीतलं वरचं ओढलं. गुलाम. पंचवीस.

गणोजीपंत उसळले, "महाराज, ही चोरी आहे. हिने पानं मोजली."

महाराजांचा चेहरा कठोर झाला. "मोजलीस?"

"मोजली."

"माझ्या पानांचा हिशोब ठेवणं ही चोरी नाही?"

"महाराज, झाकलेलं उघडून बघितलं तर चोरी. ही पानं आपणच माझ्या डोळ्यांसमोर उताणी टाकलीत. मी बघितली. हे सगळे सरदार इतकी वर्षं त्याच पानांसमोर बसलेत, त्यांना बघू नका असं कुणी सांगितलं होतं?"

सरदारांनी माना खाली घातल्या. महाराज मात्र आधी गालातल्या गालात, मग पोट धरून हसले.

"होडी ने. खाडीवर उतारू नेण्याचा हक्क आजपासून तुझ्याच घराकडे, आणि त्यावर सरकारी कर माफ." मग ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शेजारच्या संस्थानाचे राजे मला दर दिवाळीला या खेळात धुतात. यंदा तिथे खेळताना तू माझ्या शेजारी बसशील?"

"बसेन. पण मी खूण केली की थांबायचं. बारावरसुद्धा."

"थांबेन," महाराज म्हणाले, आणि पुन्हा हसू लागले.