दुरुस्तीचं टेबल

बार्शीत माझ्या रेडिओ-फोनच्या दुकानासमोरच वालचंदशेठनं एका बलाढ्य कंपनीच्या फोनची एजन्सी घेतली आणि माझा जीव जळायला लागला. काचेचं दार, आत थंडगार हवा, बाहेर गिऱ्हाइकांची रीघ. खोटं कशाला बोलू, मला जेवण गोड लागेना. त्यामुळे कंपनीचा साहेब मलाही एजन्सी द्यायला आला, तेव्हा मी चहाबरोबर खारीसुद्धा मागवली.

साहेबाची अट एकच होती. "हे दुरुस्तीचं टेबल काढा. तिथं आमचे नवे फोन मांडा."

त्या टेबलावर आमचा मुश्ताक रेडिओच्या काळापासून बसतो. मी सहीसाठी पेन उघडलं, तसं त्यानं विचारलं, "साहेब, गावात तुमचा फोन किती जणांकडं असेल?"

"शंभरात नव्वद!" साहेब छाती फुगवून म्हणाला. "आमची वाढ कोण थांबवणार?"

"मग फोन घ्यायचे राहिलेत दहा जण," मुश्ताक माझ्याकडं वळून म्हणाला, "आणि बिघडायचे राहिलेत नव्वद जणांचे. शेठ, सांगा, जागा कुणाला द्यायची?"

मी पेन खिशात घातलं. वालचंदशेठचा हेवा तिथंच संपला. पण एवढं साधं उत्तर मला सुचलं नाही, म्हणून मुश्ताकचा हेवा मात्र अजून वाटतो.