नाडीचे पूर्ण मिनिट

एका मिशन रुग्णालयात एकदा एक शिकाऊ नर्स होती, आणि तिच्या प्रार्थनेला रोगी भीत असत.

प्रार्थनेला भ्यायचे काय कारण, असे कोणीही विचारील. रिबकाला तर तशी शंकाही आली नव्हती. ती एका पाळकाची मुलगी. घरी सकाळी उठल्यावर प्रार्थना, जेवणापूर्वी प्रार्थना, पाहुणा गावी परत निघाला की त्याला उंबऱ्यात थांबवून प्रार्थना. त्यामुळे देवाशी बोलणे तिला शेजारणीशी बोलण्याइतके सोपे वाटे. नर्सिंग शिकायला ती आली तीही मनाशी संकल्प करूनच. औषधपाणी तर करूच, पण रोग्याच्या खाटेशी गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रभूजवळ मागणेही मागू. संकल्प उत्तमच होता. अडचण एवढीच, की वॉर्डात तीस खाटा होत्या आणि तीस ठिकाणी गुडघे टेकायला दिवस पुरत नव्हता. तेव्हा रिबकाने तिच्या मते अगदी न्यायाचा मार्ग काढला. जिचे दुखणे भारी, तिच्यासाठी आधी.

तो बायकांचा वॉर्ड होता. खाटेला खिळलेल्या बाया दिवसभर दुसरे काय करणार? त्या बघत असतात. कोणती सिस्टर सुई हलक्या हाताने टोचते, कोणता डॉक्टर कोणावर डाफरला, कोणाच्या सुनेने डब्यात काय पाठवले, सगळे त्यांना ठाऊक असते. पंधरा दिवसांत त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. ही धाकटी सिस्टर जिच्या खाटेशी गुडघे टेकते, तिची खाट पुढे फार दिवस भरलेली राहत नाही. झाले! त्यानंतर रिबका दारात दिसली की आडव्या पडलेल्या बाया उठून बसू लागल्या. कोणी घाईघाईने वेणी घाली, कोणी शेजारणीशी मोठ्याने बोलू लागे. एका म्हातारीला दोन दिवस धड मान वर करता येत नव्हती, तीसुद्धा रिबकाला पाहून कोपरावर उठली आणि म्हणाली, “बरं हाय मला, लई बरं हाय.”

रिबकाला वाटले, प्रभू किती लवकर ऐकतो!

अशात हौसाबाई नावाची एक कासारीण वॉर्डात दाखल झाली. आसपासच्या पाच-सहा गावांत बांगड्या भरणारी, बोलकी, सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी बाई. आल्या दिवशीच तिने रिबकाचा हात नुसता धरून पाहिला आणि “सव्वादोनची बांगडी लागंल तुला,” असे सांगून टाकले. तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते, की गाठ काढली तर ही बाई महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गावोगाव हिंडू लागेल. न काढता घरी गेली तर एखाद्या दिवशी गाठीला पीळ बसेल, आणि मग तिला इथवर आणायलाही वेळ मिळणार नाही. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. आदल्या दुपारी रिबका हौसाबाईच्या खाटेशी आली आणि, जीव लागला होता म्हणून, तिने नेहमीपेक्षाही जास्त वेळ गुडघे टेकून प्रार्थना केली. मध्येच एक उसासाही टाकला.

अर्ध्या तासाने हौसाबाई गाठोडे बांधताना दिसली.

“मावशी, हे काय?”

“घरी चालले. मरायचंच आसंल तर आपल्या दारात मरंन.”

रिबकाने विनवले, डॉक्टरांचे शब्द पुन्हा सांगितले, शेवटी हात जोडले. हौसाबाई तिच्याकडे बघेचना. तेव्हा रिबका रडवेली होऊन वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेकडे धावली. त्यांचे नाव सगुणाबाई, पण सारे रुग्णालय त्यांना थोरल्या बाई म्हणे. एकतीस वर्षे त्यांनी याच वॉर्डात काढली होती आणि अजून कोणी त्यांना मोठ्या आवाजात बोलताना ऐकले नव्हते.

“बाई, मी तिच्यासाठी फक्त मागणं मागितलं हो! वाईट काहीच केलं नाही.”

थोरल्या बाईंनी तिला पाणी दिले, सारे ऐकून घेतले आणि तिला वॉर्डात परत आणले. हौसाबाईच्या शेजारची खाट त्या दिवशी रिकामी होती. थोरल्या बाई त्या रिकाम्या खाटेपाशी थांबल्या.

“रिबका, चपला काढ आणि ह्या खाटेवर झोप.”

“मी? आत्ता? बाई, सगळ्या बघताहेत.”

“बघू देत. झोप.”

बाईंचा शब्द मोडणे शक्य नव्हते. रिबका लाजत आडवी झाली. थोरल्या बाईंनी तिच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर ओढली, खाटेचा कठडा धरून सावकाश गुडघे टेकले, हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. आजूबाजूच्या बाया कोपरांवर उठून बघू लागल्या. बाईंचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. त्यांनी एक दीर्घ उसासा टाकला. मग मान किंचित हलवली. मग पुन्हा उसासा.

रिबका वीस वर्षांची, धडधाकट, त्या दिवशी दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्लेली मुलगी. पण त्या उसाशानंतर तिच्या मनात नाही नाही ते येऊ लागले. बाईंना आपल्याबद्दल काय ठाऊक आहे? गेल्या आठवड्यात सगळ्या मुलींची रक्ततपासणी झाली होती, तिचा निकाल तर आला नसेल? घरून काही निरोप? तिने बाईंच्या चेहऱ्यात उत्तर शोधले, पण त्या चेहऱ्यावर डोळे मिटलेले होते आणि तिथे विचारायची सोय नव्हती. शेवटी तिला राहवेना.

“बाई, मला काय झालंय?”

सारा वॉर्ड खो-खो हसला. हौसाबाईदेखील तोंडाला पदर लावून हसली. रिबका गोरीमोरी होऊन उठून बसली. थोरल्या बाई कठड्याच्या आधाराने उभ्या राहिल्या आणि हौसाबाईला म्हणाल्या, “कळलं आता हिला. तुम्ही गाठोडं सोडा.”

हौसाबाईचे हसू मावळले. “उद्या सकाळी बघू,” ती म्हणाली. “धन्याला गाडी बघायला सांगितलीय.” गाठोडे होते तसेच राहिले.

चादरी ठेवायच्या खोलीत रिबकाने थोरल्या बाईंना गाठले. तिला बाईंचा थोडा रागही आला होता आणि तो तिने लपवला नाही. “म्हणजे मी प्रार्थना करूच नको का?”

थोरल्या बाई चादरीची घडी घालता घालता म्हणाल्या, “तुझी प्रार्थना खरी आहे, पोरी. पण ती खाटेवरून कशी दिसते ते तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुला झोपवलं. आपण डोळे मिटतो ते कशासाठी? जग थोडा वेळ बाहेर राहावं म्हणून. चर्चमध्ये ते शोभतं. इथं जिच्यासाठी मागायचं ती समोरच पडलेली आहे. तिलाच बाहेर ठेवून कसं चालेल?”

रिबकाने चादरीचे दुसरे टोक हातात घेतले.

“नाडी कशी मोजतेस?” बाईंनी विचारले.

“पंधरा सेकंद मोजते आणि चारने गुणते. तेवढाच वेळ वाचतो.”

“वाचलेल्या वेळाचं काय करतेस?”

“प्रार्थना,” रिबका म्हणाली आणि तिचे तिलाच ओशाळल्यासारखे झाले.

“मी पूर्ण मिनिट मोजते,” थोरल्या बाई म्हणाल्या. “एक डोळा घड्याळावर, एक माणसावर. मोजताना शब्द जुळवता येत नाहीत, तेव्हा शब्दांवाचून ते माणूस प्रभूपुढे धरायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं. एकतीस वर्षं माझी प्रार्थना ती तेवढीच. रोग्याला वाटतं, बाई नाडी बघतात. खोटं नाही ते, नाडीच बघत असते.” त्यांनी घातलेली घडी फळीवर ठेवली. “उद्या सकाळी हौसाबाईकडे तू जा. मी येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी साडेसहाला रिबका वॉर्डात आली तेव्हा हौसाबाई मांडीवर गाठोडे घेऊन बसली होती. शस्त्रक्रिया नऊला होती. ‘जाऊ नका’ असे म्हणायला रिबकाचे ओठ शिवशिवत होते. ते तिने आवरले आणि नुसता हात पुढे केला. हौसाबाईने नाइलाजाने मनगट दिले. नाडी सापडायला हातभर हिरव्या बांगड्या वर साराव्या लागल्या. पंधरा सेकंद झाले. रिबकाची बोटे सवयीने उठू पाहत होती. तिने ती तिथेच ठेवली. वीस. तीस. नाडी पळत होती. हे माणूस प्रभूपुढे धरायचे म्हणजे नेमके काय करायचे हे तिला समजत नव्हते, म्हणून ती जे समजत होते ते करीत राहिली. ती बघत राहिली.

आणि चाळीस सेकंदांच्या आसपास तिला दिसले. हौसाबाई तिच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर खाटेशेजारच्या टेबलावरच्या रिकाम्या वाटीवर होती. दागिने काढून ठेवण्यासाठी कोणीतरी ती काल दुपारी तिथे ठेवून गेले होते. तिच्या दुसऱ्या हाताने ह्या हातावरच्या बांगड्या अशा गच्च धरल्या होत्या, की बोटांची पेरे पांढरी पडली होती.

मिनिट पुरे झाले. “एकशे चार,” रिबका म्हणाली. मग हळूच म्हणाली, “मावशी, बांगड्यांचं मनाला लागलंय का?”

हौसाबाईने कालपासून पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिले. तिचे डोळे भरून आले.

“ती दुसरी शिष्टर येऊन म्हनली, समद्या बांगड्या काढा, हातात एकबी नको. काढा! आमच्यात फुटलेल्या बांगडीलाबी वाढवली म्हनत्यात, काढली म्हनत न्हाईत. साऱ्या गावांचं हात मी भरले, पोरी. बाईचा हात रिकामा कवा होतो ते मला कुनी सांगाया नको. माझा धनी तिथं लिंबाखाली बसलाय, चांगला जिता-जागता. आन् मी त्याच्याम्होरनं रिकाम्या हातानं, आडवी होऊन जायाचं? त्यात तू येऊन गुडघं टेकलंस. मला वाटलं, हिला समदं ठावं हाय.”

रिबकाला काहीच ठाऊक नव्हते. काल ती ह्याच हातांपासून वीतभर अंतरावर डोळे मिटून बसली होती. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली. पण लाजत बसायला वेळ नव्हता. ती उठली आणि थेट थोरल्या बाईंकडे गेली.

“बाई, दोन्ही हातांत एकेक बांगडी राहू दिली तर? वर गॉज गुंडाळून घट्ट चिकटपट्टी लावीन. काच फुटली तरी बाहेर येणार नाही.”

थोरल्या बाईंनी क्षणभर विचार केला. “ऑपरेशनच्या सिस्टरांना मी विचारते. सलाईन लावायच्या हातातली जरा वर चढव.” त्या गेल्या आणि होकार घेऊन आल्या.

मग हौसाबाईने एक एक करून बांगड्या उतरवल्या. अंगठा तळहातात दुमडून, मूठ मऊ करून ती बांगडी अशी अलगद बाहेर घेई, की दोन्ही हातांच्या मिळून बावीस बांगड्या वाटीत आल्या आणि एकीलाही तडा गेला नाही. प्रत्येक हातात एक उरली. रिबकाने तिच्यावर गॉज गुंडाळले, पट्टी लावली, कडा नीट दाबल्या. हौसाबाईने बारकाईने तपासून पाहिले, धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याचे काम पाहावे तसे, आणि मान डोलावली. गाठोडे तिने आपल्याच हाताने खाटेखाली सरकवले.

नऊ वाजता ऑपरेशनच्या खोलीकडे निघालेले स्ट्रेचर अंगणातल्या लिंबापाशी आले तेव्हा तिचा नवरा कासावीस होऊन उठला. हौसाबाईने पट्ट्या बांधलेले दोन्ही हात वर केले. “हायत,” ती त्याला म्हणाली. “आत हायत. तू चहा पी जा.”

गाठ निघाली. दुपारी हौसाबाई शुद्धीवर आली, मनगटे चाचपली आणि पुन्हा शांत झोपी गेली. रिबका तिच्याजवळच होती. तिने पूर्ण मिनिटभर नाडी मोजली, कागदावर शहाऐंशी लिहिले आणि वळली, तो मागे थोरल्या बाई उभ्या.

“बाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “माझी एक चूक झाली. सकाळी नाडी मोजताना तिच्या हातांकडे लक्ष गेलं, आणि मग बांगड्यांच्या धांदलीत मागणं मागायचं राहूनच गेलं. एक शब्दसुद्धा बोलले नाही मी प्रभूशी. असं कसं झालं?”

“अस्सं,” थोरल्या बाई म्हणाल्या. “मग ते चिकटपट्टीचं तुला कोणी सुचवलं?”

रिबकाने वळून हौसाबाईच्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिले. बाई पुढच्या खाटेकडे निघूनही गेल्या होत्या. रिबकाला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरून आले. पण ते तिने मिटले नाहीत.