बोंबलांनी वास आवरला

समुद्राला अजून ओहोटी नीट जमत नव्हती, तेव्हाची गोष्ट. जुना कोळीवाडा बघायला होड्यांतून पाहुणे येणार होते. दुकानदारांचा पुढारी बोका दोरीवरच्या बोंबलांना म्हणाला, “आज कुणी वास सोडायचा नाही!”

सगळ्यांनी श्वास रोखला, तसा वास थांबला.

बोंबलीण आई घाबरली. “अहो बोकोबा, माझ्या बाळाचा जीव जाईल!”

“बाई, त्याला वाळत घातलंय!”

“म्हणून काय काळजी करू नको?”

दुपार टळली तरी कुणी आलं नाही. होड्या वासाच्या मागानंच गावाला लागायच्या. आता त्या समुद्रात गोल गोल फिरत होत्या.

आईनं बाळाची पाठ थोपटली. “सोड रे सोन्या!”

बाळानं श्वास सोडताच होड्या धावत आल्या. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, “बोंबील कसे दिले?”

बोका ऐटीत म्हणाला, “हा वास म्हणजे आमचा वारसा!”

“त्यांना बोलू दे,” आई बाळाला म्हणाली, “तू श्वास घे.”