दोघांचा नमाज

"तर मग ही मशीद मी बांधली कुणासाठी, हजरत?"

रुकनुद्दीनचे गुरू शाह हमजा हौदाच्या काठावर बसून वजू करत होते. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, मग पाय.

गर्वाचं घर खाली म्हणतात. रुकनुद्दीनचं मात्र देवगिरीजवळच्या टेकडीवर होतं. आधी तिथे एका अवलियाची कबर होती. तिच्याभोवती फकिरांच्या खोल्या झाल्या, मग लंगरखाना. सगळ्यात शेवटी रुकनुद्दीनने मशीद उभी केली. काळ्या दगडाच्या कमानी, वर घुमट, आणि अख्खं शहर मावेल एवढं आवार.

आणि शहरच उठलं. दरबार उत्तरेला परतला, त्याच्यामागे सराफ गेले, विणकर गेले, फकीरही गेले. आता टेकडीवर चिटपाखरू फिरकत नव्हतं.

शेवटचा तांडा आज निघणार होता. खाली रुकनुद्दीनचा भाऊ बैल जुंपून वाट बघत होता.

"तुम्हीही चला, हजरत."

"पीर इथे झोपलेत. मी कुठे जाऊ?"

"मग मला निरोप द्या. रिकाम्या मशिदीत माझा जीव घुसमटतो. माणसं नसली तर हे नुसते दगड..."

"असरच्या नमाजाची वेळ झाली, ऊन कललं," शाह म्हणाले. "अजान दे."

रुकनुद्दीनने अजान दिली. आवाज घुमटात फिरला, खोऱ्यात उतरला. दोघं वाट पाहत राहिले...

कुणीही आलं नाही.

शाह हमजा पुढे मिहराबापाशी, पश्चिमेच्या कोनाड्यासमोर, जाऊन उभे राहिले. रुकनुद्दीन सवयीने मागच्या रांगेत आपल्या जागी गेला. रांग कसली, तो एकटाच होता.

नमाज सुरू होईना.

म्हातारा वळला, मागे आला. रुकनुद्दीनचं मनगट धरून त्याला पुढे नेलं आणि आपल्या उजव्या हाताला, जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभं केलं.

दोघंच असतील तर असंच उभं राहायचं असतं. रुकनुद्दीनला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्याच्या या मशिदीत तशी वेळ कधी आलीच नव्हती.

इतक्या जवळून त्याने गुरूला कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याचा श्वास अडखळत होता. सजद्यात जमिनीला टेकवलेलं कपाळ उचलून उठताना त्याला दोन्ही तळव्यांनी जमीन रेटावी लागत होती. हा माणूस उद्यापासून इथे एकटा असणार, हे रुकनुद्दीनला तेव्हा कुठे कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

नमाज संपत आला. रिवाजाप्रमाणे, शेजारच्या माणसांना आणि न दिसणाऱ्या फरिश्त्यांना, रुकनुद्दीनने आधी उजवीकडे मान वळवून सलाम केला. तिकडे कमानींखाली ऊन पडलं होतं, बाकी काही नव्हतं. मग त्याने डावीकडे मान वळवली. तिकडे गुरू होते.

खालून भावाची हाक आली. पुन्हा आली.

"हजरत, मी गेलो तर तुमच्या शेजारी कोण उभं राहील?"

शाह हमजा जपमाळेचे मणी ओढत राहिले.

"आणि राहिलो, तर दोघांसाठी एवढी मोठी मशीद? सांगा ना, जाऊ की राहू?"

म्हातारा त्याच्याकडे बघून किंचित हसला.

"मी तर तुझ्या डावीकडे होतो, बेटा. उजवीकडे तू सलाम कुणाला केलास? तेवढं सांग, आणि खुशाल जा."