पेंड कुठे जाते

हैबतराव इनामदारांनी उधळपट्टी म्हणून गाडीच्या चाकांना एरंडेल घालणं बंद केलं. पुढं बैल सपाटीलाच धापा टाकू लागले. एकदा गाडी बाजारात येऊन थांबताच इनामदारांनी गाडीवान तुळाजीला सगळ्यांदेखत धरलं.

"बैलांची पेंड तुझी म्हैस खाते. नसेल खात, तर बैलांचा जोर कुठं जातो ते दाखव. नाहीतर गाव सोड."

तुळाजी म्हणाला, "दाखवतो, सरकार. या चाकातल्या लोखंडी आसाला हात लावा."

इनामदारांनी बोट टेकवलं आणि झटकन मागं घेतलं. "हा तर तापलाय."

"लोखंडावर लोखंड घासतंय. पेंडीचा सगळा जोर तिथं जळतोय. मी चोरली असती, तर निदान म्हशीनं दूध दिलं असतं."

इनामदारांनी बोटावर फुंकर घातली आणि एरंडेल आणायला माणूस पाठवला.